टाकीवरचा वाघ

१६ फेब्रुवारी २००३, रविवार
खोडाळा

आले एकदाची माझ्या घरी! सामान काल जीपने पुढे गेलं होतं, आम्ही दोघं आज मोटारसायकलवरून आलो. कसाऱ्यापुढचा घाट मी डोळे गच्च मिटून काढीन असं गोकुळला वाटलं होतं. मी उलट प्रत्येक वळण मान काढकाढून बघितलं. मांडीवर बाबांनी दिलेला ब्रशांचा डबा होता. शहापुरात बाबांचं पाट्या रंगवायचं दुकान आहे. आठवीपासून निम्म्या गावाच्या गाड्यांचे नंबर मीच घातलेत, त्यामुळे सासरी निघालेल्या मुलीला त्यांनी साडीच्या आधी ब्रश दिले.

घर भाड्याचं आहे, पण मला आवडलं. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे ऐसपैस पडवी. पडवीपलीकडे मोहाचं झाड आणि मग नुसते डोंगर. गोकुळची शाळा ओटीवरून दिसते. शेजारच्या कोंडीबाई नागलीच्या भाकरी आणि सुकटाची चटणी घेऊन आल्या. माझा डबा त्यांनी आधी उघडून बघितला आणि गोकुळला विचारलं, मास्तर, बायको आणलीस का रंगारी आणलास? मी म्हटलं, दोन्ही, एकाच भाड्यात.

चारचौघांत मी त्याला ‘अहो’ म्हणते. लग्नात उखाण्यात नाव घेतलं तेवढंच. पण इथे कोण बघतंय? गोकुळ. गोकुळ. गोकुळ. घ्या!

तो माझ्याकडे कसा बघतो तेही लिहून ठेवते. आधी डोळ्यांच्या कडा हसतात, मग डावी भुवई जराशी वर जाते, आणि तोंड सगळ्यात शेवटी हसतं. मी साधी डाळ ढवळत असले तरी असाच बघतो. आई म्हणायची, नव्याचे नऊ दिवस. बघू की.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गाडीबद्दल लिहायला हवं. सेकंडहँड आहे, काळी, टाकीला पोचे, आवाज अख्ख्या खोडाळ्याला कळेल असा. पहिल्याच दिवशी मी तिचं नाव म्हैस ठेवलं. गोकुळ म्हणाला, म्हैस नको असेल तर तूच तिचा वाघ करून दे.

वाघच का, तर त्याच्या घरचं सोंग वाघाचं आहे. त्याचं गाव पोशेरा. पाडव्यानंतर तिथे बोहाडा असतो. देवीपुढे मुखवटे घालून नाचतात आणि कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. गोकुळचे आईवडील तो लहान असतानाच गेले, त्याला देवजीकाकांनी वाढवलं. इतकी वर्षं वाघ काकाच नाचवत होते. आता त्यांचे गुडघे धरले म्हणून यंदा पहिल्यांदा गोकुळ.

मी लगेच कागद घेऊन बसले. टाकीच्या पुढच्या भागावर वाघाचं तोंड, हँडलखाली नाक, दोन्ही अंगांना एकेक डोळा, आणि पट्टे पार मागच्या मडगार्डपर्यंत. हात नुसते शिवशिवतायत.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज पोशेऱ्याला जाऊन आलो. काकांनी मुखवटा दाखवला. जुना आहे, जड आहे, आणि इतका देखणा की मला बाबांची आठवण झाली. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. काका म्हणाले की सोंगाला डोळे कधी काढत नाहीत. डोळे नाचणाऱ्याचे.

त्यांनी आणखी एक रीत सांगितली. सोंग नाचून झालं की नाचणाऱ्याशी कोणी बोलत नाही, कारण तेव्हा तो माणूस नसतो, वाघ असतो. मग त्याची बायको ओलं फडकं घेऊन पुढे येते. आधी मुखवट्याच्या डोळ्यांभोवतीचा रंग पुसते, त्याच फडक्याने नवऱ्याचं तोंड पुसते आणि सगळ्यांसमोर त्याला नावाने हाक मारते. मग तो घरी येतो. मला ऐकूनच गुदगुल्या झाल्या. यंदा अख्ख्या गावासमोर गोकुळ म्हणून ओरडायची परवानगी!

मुखवट्याला ते साधा पाण्यातला रंग देतात, म्हणून दरवर्षी नव्याने रंगवावा लागतो. मी म्हटलं, काका, मी एनॅमल मारून देते, दहा वर्षं हलायचा नाही. ते म्हणाले, सोंगाचा रंग जायाच पायजे, पोरी. रंग नाय गेला तं माणूस घरी कसा येल? मी हसले. काकाही हसले, पण मुखवटा मात्र त्यांनी लगेच फडक्यात गुंडाळला.

२ मार्च, रविवार

काल सगळा खोडाळा क्रिकेट बघायला टीव्हीपुढे गोळा झाला होता. मला पडवी मोकळी मिळाली. टाकी आधीच उतरवली होती, पेट्रोल डब्यात काढून ठेवलं होतं. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून बुडवून जुना काळा रंग घासला, पोच्यांत पुट्टी भरून ते सारखे केले, प्रायमर दिला, आणि काल दुपारी पिवळ्याचा दुसरा हात. आज सकाळी पट्टे ओढले. बाबा म्हणतात, पट्टा ओढताना श्वास धरायचा. धरला. एकही पट्टा थरथरला नाही.

गोकुळ दर थोड्या वेळाने चहाच्या निमित्ताने यायचा आणि बघत उभा राहायचा. टाकीकडे बघ म्हटलं तर म्हणाला, टाकीकडेच बघतोय. खोटारडा.

६ मार्च, गुरुवार

डोळे सोडून सगळं झालं. तोंड उघडं आहे, दात आहेत, जीभ आहे. गोकुळ म्हणतो, डोळ्यांच्या जागी काळे गोल ठेव, आमच्यात तशीच रीत आहे. पण मुखवट्याला भोकं असतात आणि मागे माणूस असतो. इथे मागे काय आहे, पेट्रोल? तो आंधळा वाघ पडवीत बसलेला मला बघवत नाही. मला अर्धवट काम चालतच नाही, त्याला मी काय करू?

९ मार्च, रविवार

डोळे काढले!

गोकुळला मी शेवटी पटवलंच. म्हणाला, काकांना सांगू नकोस म्हणजे झालं. मग प्रश्न आला की वाघाचे डोळे बघायचे कुठे? कॅलेंडरवरचा वाघ होता, पण त्याची नजर मेलेली. मी गोकुळला पडवीत उन्हाकडे तोंड करून स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, माझ्याकडे बघ. नेहमी बघतोस तसं. तो लाजला, हसला, मग खरंच तसं बघायला लागला. दुपारभर बघत होता. पापणी लवली की मी ओरडायची. सगळ्यात बारीक ब्रशाने मी ती नजर उचलली, डाव्या भुवईसकट.

रंग वाघाचा, पण नजर त्याची. झाल्यावर मी टाकीच्या या अंगाला गेले, त्या अंगाला गेले, दोन्हीकडून माझा नवरा माझ्याकडे बघत होता. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजपर्यंत झालेलं नाही. गोकुळ उठला तेव्हा डोळे चोळत होता. एकसारखं उन्हाकडे बघून थकले असतील.

१३ मार्च, गुरुवार

टाकी चढवून आज पहिली फेरी. गोकुळने रजा टाकली आणि आम्ही जव्हारला जाऊन पुढे शिरपामाळावर गेलो. रस्त्यात माणसं थांबून बघत होती. एक बैलगाडी मात्र आम्हाला बघून चालेचना. बैलांनी माना वळवल्या आणि गाडीवान बिचारा उतरून त्यांना समजावत बसला. जव्हारला स्टॅण्डवर दोन कंडक्टर खाली उतरून टाकीवर हात फिरवून गेले.

माळावर वारा होता आणि आम्ही दोघंच. गोकुळने त्याच्या मित्राकडून आणलेल्या कॅमेऱ्याने गाडीजवळ माझा फोटो काढला. आठवडाभरात रोल धुवून मिळेल. मी इतकी सुखात आहे की लिहायलाही भीती वाटते.

१८ मार्च, धुळवड

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली. गोकुळ गुलाल घेऊन माझ्या मागे धावला, मी ओटीवर मुद्दाम थांबले. त्याचा हात माझ्या गालाजवळून हवेतच गेला. मग चाचपडत माझ्या कानाला लागला आणि कान रंगला. दोघं हसलो. पण तो हसताना माझ्या खांद्यामागे कुठेतरी बघत होता.

वाघाचे डोळे अजून ओले आहेत. बाकी सगळा रंग खडखडीत वाळलाय, डोळ्यांना मात्र बोट लावलं की चिकटतं. रंगाचा डबा जुना असावा.

२१ मार्च, शुक्रवार

भर दुपारी मी चुलीपुढे बसले होते, दारातून ऊन आत आलेलं. गोकुळ शाळेतून आला आणि म्हणाला, अशी अंधारात का बसलीस, तुझं तोंडच दिसत नाही. मी म्हटलं, अहो, ऊन आहे. तो म्हणाला, हो, चूल दिसतेय, भांडी दिसतायत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर म्हणाला, फळ्यावरची बारीक अक्षरं सुद्धा मला स्वच्छ दिसतात.

जेवताना त्याने माझी बांगडी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. म्हणाला, ही दिसते.

२४ मार्च, सोमवार

फोटो आला. मी गाडीला टेकून उभी आहे, पदर वाऱ्यावर उडतोय, छान आलाय. गोकुळने तो हातात घेतला आणि म्हणाला, अरे, तू कुठे गेलीस, नुसती गाडीच आली की! मला वाटलं चेष्टा करतोय. मी माझ्या अंगावर बोट ठेवून दाखवलं. तो बोटाखाली वाकून बघत राहिला. मग त्याचा चेहरा उतरला आणि फोटो त्याने उलटा करून फळीवर ठेवला.

पडवीत गेले. गाडी मी मोहाच्या झाडाकडे तोंड करून लावली होती. हँडल वळलेलं होतं, घराकडे. सावलीत होती, तरी टाकी गरम लागली.

२७ मार्च, गुरुवार

आज सकाळी मी त्याला दिसेनाशी झाले.

मी चहाचा कप घेऊन समोर उभी होते. तो आत आला, हर्षा, हर्षा म्हणत दोन्ही खोल्या फिरला. मी म्हटलं, अहो, ही काय मी. त्याला ऐकू गेलं नाही. हात धरला तर त्याने माशी बसल्यासारखा झटकला. हसत होता आधी, म्हणाला, पुरे आता, बाहेर ये. मग मोहाखाली बघून आला. मग विहिरीवर.

कोंडीबाई आल्या. त्यांना मी दिसते, अगदी स्वच्छ. त्या त्याला म्हणाल्या, मास्तर, ही काय तुझी बायको, तुझ्या म्होरं उभी हाय, रडतं हाय. त्याला वाटलं त्यांनी मला लपवलंय. चेष्टा करू नका म्हणून त्यांच्यावर ओरडला. तो कोणावर ओरडल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. मग ओटीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मी त्याच्या शेजारीच बसले होते. तोही रडत होता, मीही रडत होते, आणि मधे कोंडीबाई घाबरून एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

२८ मार्च

पाटीवर लिहून ठेवलं, मी इथेच आहे. त्याला पाटी कोरी दिसली. तिच्यावर ओलं फडकं फिरवून त्याने ती जागेवर ठेवली.

जव्हारच्या स्टॅण्डवर जाऊन आला. प्रत्येक कंडक्टरला विचारलं, निळ्या साडीतली बाई शहापूरकडे गेली का. कोंडीबाईंनी मला सांगितलं. बाबांना कळवत नाहीये. त्यांना काय तोंड दाखवू, म्हणतो.

जेवला नाही. मी वाढलेलं ताट त्याला दिसतं, पण बघून दचकतो आणि बाजूला सारतो.

३१ मार्च

कोंडीबाईंनी निरोप धाडला म्हणून देवजीकाका आले. आल्याआल्या पडवीत गेले, गाडी बघितली आणि टाकीपुढे वाकले. त्यांनी एवढंच विचारलं, डोळे कोणाचे काढलेस? मी सांगितलं. तो माझ्याकडे कसा बघायचा तेच काढलं, असं सांगितलं.

काका म्हणाले, मंग तेच गेलं त्याच्यातून. तुला बघणं गेलं. आता रस्ता जाईल, मंग सगळंच. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

फडकं ओलं करून आणलं त्यांनी. सोंगासारखंच करायचं ठरलं, म्हणजे आधी टाकीवरचे डोळे पुसायचे, मग त्याच फडक्याने त्याचं तोंड. मी पुसलं. जोर लावून पुसलं. साबण लावून पुसलं. बोटाला चिकटणारा तो रंग फडक्याला अजिबात लागेना. पाण्यातला रंग असता तर फडक्यावर आला असता, फडक्यावरून त्याच्या तोंडावर गेला असता, तो घरी आला असता. मी एनॅमल मारलं होतं. दहा वर्षं न हलणारं.

तेच कोरं फडकं घेऊन मी त्याच्यापुढे गेले. तोंड पुसलं. आणि नाव घेतलं. मोठ्याने, काकांसमोर, कोंडीबाईंसमोर. गोकुळ! गोकुळ! घसा बसेपर्यंत ओरडले. तो कपाळावरचा घाम पुसून काकांना म्हणाला, आज वारा कसा पडलाय बघा.

१ एप्रिल

थिनरने निघेल. पण थिनर लावलेलं फडकं त्याच्या डोळ्यांना कसं लावू?

काका म्हणतात, एकच उपाय. घासून काढायचे. ज्या हाताने दिले त्याच हाताने. त्याची दृष्टी वाचेल. पण डोळ्यांत जे गेलंय ते रंगाबरोबर जाईल. भुकटी होऊन. तो परत माझ्याकडे तसा बघणार नाही. कधीच.

मी नाही म्हटलं.

२ एप्रिल, पाडवा

गुढी त्याने एकट्याने उभारली. मी मागून काठीला हात लावला.

दुपारी गाडी घेऊन मला शोधायला घाटात गेला होता. उजव्या बाजूचं वळण त्याला दिसलंच नाही. दगडाला अडकून वाचला. कोपर सोललंय. गाडीला ओरखडाही नाही.

म्हणाला — कोंडीबाईंना म्हणाला — देवीला नवस केलाय. सोंग नाचवीन आणि हर्षाला मागून घेईन. तोंडावर वाघ चढला की तिला कुठूनही हुडकून काढीन.

काकांनी ऐकलं. म्हणाले, मुखवट्याच्या भोकांमागे डोळेच नसतील तं वाघच आत शिरेल. मंग कोणाला हाक मारशील तू? त्यांनी त्याला बजावलं, यंदा तू नाचायचं नाही. तो ऐकत नाही. माझ्यासाठी नाचतोय तो.

सोंग सोमवारी आहे.

४ एप्रिल

खरं लिहिते. दिवसभर पडवीत बसते मी. तो शाळेत असतो, नाहीतर मला शोधत असतो, आणि मी गाडीपुढे बसते. कारण इथेच कोणीतरी माझ्याकडे बघतं.

बघतो. आधी कडा हसतात. मग भुवई. रंगवलेली भुवई वर जाते, मी स्वतः बघितलंय. मी डाळ निवडते, तो बघतो. मी केस विंचरते — बघतो. तेच, अगदी तेच. गोकुळ बाहेर माझ्या नावाने हाका मारत असतो आणि मी इथे त्याच्याच नजरेपुढे बसून राहते.

मला उठवत नाही इथून.

५ एप्रिल

गाडी पडवीत लावलेली. सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पुढचं चाक टेकलेलं. गोकुळने हलवली नाही. तो ओटीवर झोपला होता.

डोळे तेच आहेत, पण खालचं तोंड वाघाचं आहे, ते मीच काढलंय — दात मीच काढलेत — आणि आज बघताना मधेच जिभेवर ओल दिसली. प्रेमाने बघत होता. आणि भूक लागल्यासारखा बघत होता. दोन्ही एकाच वेळी. मी मागे सरकले तर हँडल फिरलं.

कोंडीबाई म्हणतात, माझ्या घरी ये. पण तो एकटा —

६ एप्रिल

उंबरा ओलांडला वाघाने. चाक आत.

गोकुळला आता उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही. ताटातली भाकरी सापडत नव्हती. चाचपडत होता. मी भाकरी त्याच्या हाताखाली सरकवली. त्याने तुकडा मोडला आणि माझं नाव घेऊन रडला. हर्षा, तू असतीस तर — म्हणाला. मी होते.

ठरलं. मला काहीही होऊ दे. उद्या. पॉलिश पेपर काढून ठेवलाय.

७ एप्रिल, सोमवार

गोकुळ ऐकेना म्हणून काका शेवटी जीप घेऊन आलेत. मुखवटा जीपमध्ये आहे. गोकुळ आंघोळ करून ओटीवर बसलाय. काका त्याला बोलण्यात गुंतवतायत. तो निघायच्या आधी झालं पाहिजे.

डावा डोळा घासला. हात उचलत नव्हता. पहिल्यांदा घासताच रंगाखालून पाणी आलं. पाणीच होतं, पुसलं की परत यायचं. मी रडत घासत होते, म्हणून कदाचित माझंच असेल. पिवळी भुकटी पडवीभर. खाली कोरा पत्रा.

आणि मागे पाऊल वाजलं — गोकुळ दारात.

दिसले मी. त्याला मी दिसले! सरळ माझ्याकडे बघितलं त्याने, माझ्या तोंडाकडे, कितीतरी दिवसांनी — माझा जीव भांड्यात पडला, मी उठले, मी धावणार होते —

म्हणाला, बाई, तुम्ही कोणाकडे आलात?

तुम्ही म्हणाला. डोळ्यांच्या कडा हलल्या नाहीत. परक्या बाईशी बोलावं तसं, मान जरा खाली घालून.

मी म्हटलं, रंगारी आहे. गाडीचं काम करायला आले.

तो म्हणाला, माझी बायकोही फार सुंदर रंगवते. हा वाघ तिनेच काढला. तुम्ही गावोगाव फिरत असाल, कुठे दिसली तर सांगाल का? हर्षाली नाव. सांगा, मी वाट बघतोय.

हो म्हटलं. सांगते म्हटलं.

तो परत ओटीवर गेलाय. उजवा डोळा राहिलाय. अजून तो मला शोधतोय ते या एका डोळ्याच्या बळावर. हा गेला की शोधणार पण नाही. जेवेल. झोपेल. शाळेत जाईल. वाट बघणार नाही. त्याला दिसेल सगळं. घाटातली वळणं दिसतील.

काका हाक मारतायत. आवर, पोरी.

मनातल्या ढोलाच्या तालावर गोकुळ ओटीवर पाय आपटतोय. त्याने मुखवटा मागितला — काका नाही म्हणतायत — त्याने काढून घेतला बहुतेक —

पेपर ओला केलाय. हातात आहे. वही मांडीवर. चाक माझ्या गुडघ्याला लागलंय. ढकलतंय.

बघतोय माझ्याकडे. पहिल्या दिवसासारखा. आधी कडा. मग भुवई. मला अर्धवट काम चालत नाही, गोकुळ, तुला माहीत आहे. फक्त एकदा बघून घेते. एकदाच, मग